कोल्हापूरचे चित्ते आणि न झालेल्या नोंदी

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यात ऊस पोचण्याच्या कितीतरी आधी त्याची नोंद पोचलेली असते. रान कोणाचे, गट नंबर कोणता, आडसाली आहे की सुरू, लागण आहे की खोडवा, जात कोणती, हे शेती खात्याच्या कागदावर असल्याशिवाय तोडणीची टोळी फडात शिरत नाही. नोंद राहिली तर ऊस कितीही चांगला असो, तो तुरे काढत उभा राहतो. बेणे कुठल्या वाणाचे आहे हे न विचारता कुणी ते रानात पुरत नाही, हे या पट्ट्यात शिकवावे लागत नाही. आणि याच मुलखातल्या दरबाराने शंभरेक वर्षांपूर्वी एक जनावर समुद्रापलीकडून आणले, वर्षानुवर्षे पाळले, मिरवले, आणि त्यातले कोणते कुठून आले, मेल्यावर त्याचे कातडे कुठे गेले, याचा सहज हाती लागेल असा हिशेब मागे ठेवला नाही. ते जनावर म्हणजे चित्ता. आज धोक्यात आलेल्या प्राण्यांचा जीनोम, म्हणजे त्यांची संपूर्ण जनुकीय लिखावट, वाचण्यासाठी प्रयोगशाळा, प्राणिसंग्रहालये, वनखाती आणि सरकारे एकत्र येत आहेत. ही भागीदारी यंत्रे आणि पैसा असणाऱ्यांची आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. कोल्हापूरच्या चित्त्यांची हकीगत पाहिली तर वेगळेच दिसते. तिचे खरे भांडवल जुन्या कातड्यांत, हाडांत आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांत आहे, आणि ज्यांच्या हाती ते आहे त्यांना कुणी अजून भागीदार मानलेले नाही.

बिद्री कागल तालुक्यातली. कागलच्या घाटगे घराण्यातूनच यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले; १८९४ मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती आला. आरक्षण, वसतिगृहे, राधानगरीचे धरण यांसाठी त्यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच. पण महाराज अट्टल शिकारीही होते, आणि कोल्हापूरची चित्त्यांकरवी होणारी शिकार हिंदुस्थानभर नावाजलेली होती. ही शिकार बंदुकीची नव्हे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवर बसवायचे आणि गाडी माळावर काळविटांच्या कळपाकडे तिरकी, सावकाश हाकायची. कळप माणसाला पाहून उधळतो, पण बैलगाडी त्याच्या रोजच्या ओळखीची असते. अंतर पुरेसे कमी झाले की टोपी निघते, गळ्यातली दोरी सुटते आणि चित्ता खाली उतरतो. पुढचा सगळा खेळ मिनिटभराचा. साधले तर काळविटाचा गळा चित्त्याच्या जबड्यात असतो. साधले नाही तर चित्ता धापा टाकत तिथेच बसून राहतो, कारण एवढा वेग त्याला फार वेळ पेलत नाही. मग चित्तेपारधी पुढे होतो आणि रक्ताचे किंवा मांसाचे आमिष दाखवून त्याला सावजावरून सोडवतो. हे शेवटचे काम सर्वांत अवघड. भुकेल्या जनावराच्या तोंडातून घास काढून घ्यायचा आणि तरी उद्या त्याने आपल्यासाठी धावले पाहिजे, हे कसब दरबारी हुद्द्याने येत नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्या काही घरांत होते.

या कसबाला एक मोठी मर्यादा होती. पाळलेले चित्ते जवळजवळ वीतच नव्हते. अकबराकडे एका वेळी हजार चित्ते होते असे जहांगीराने लिहून ठेवले आहे, पण शाही चित्त्यांच्या जोडीला पिल्ले झाल्याचा एकच प्रसंग त्याने आवर्जून नोंदवला, तो १६१३ चा. त्यानंतर माणसाच्या ताब्यातल्या चित्त्याने पिल्ले दिल्याची पक्की नोंद सापडते ती थेट १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. मधल्या साडेतीनशे वर्षांत शिकारखान्यातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला होता, आणि तोही पिल्लू नव्हे, आईकडून शिकार शिकून तयार झालेले जनावर. म्हणजे रानातले नेमके वीणक्षम चित्ते काढून नेले जात होते. त्यात माळ नांगराखाली गेले, काळविटे घटली आणि इंग्रजी अमलात चित्ता मारणाऱ्याला इनामेही मिळाली. विसावे शतक उजाडेपर्यंत हिंदुस्थानात शिकारीसाठी धरायला चित्ते पुरेसे उरले नव्हते. कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी यावर उपाय काढला: आफ्रिकेतून आणायचे. भारतातल्या चित्त्याचा इतिहास लिहिणारे दिव्यभानुसिंह यांच्या हिशेबाने १९१८ ते १९४५ या काळात सुमारे २०० चित्ते आफ्रिकेतून हिंदुस्थानात आले. चित्तेपारध्यांनी त्या परक्या जनावरांनाही तीच टोपी, तीच गाडी, तेच आमिष शिकवले. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले, ते इथल्या रानातले शेवटचे मानले जातात. १९५२ मध्ये सरकारने चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास संस्थाने विलीन झाली आणि चित्तेपारध्यांचा धंदाही संपला.

दरबाराच्या दृष्टीने चित्ता तो चित्ता, मग तो दख्खनच्या माळावरचा असो की पूर्व आफ्रिकेतल्या गवताळ रानातला. त्या काळात हे मत चूक ठरवायला साधनच नव्हते, आणि ठिपके मोजून काही कळण्यासारखे नव्हते. ते साधन १९८० च्या दशकात हाती आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले स्टीफन ओब्रायन, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातले पशुवैद्य आणि दक्षिण आफ्रिकेतले डी विल्ट चित्ता केंद्र यांनी मिळून चित्त्यांचे रक्त तपासले, तेव्हा एकमेकांशी नाते नसलेले चित्तेही आतून थक्क व्हावे इतके सारखे निघाले. एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्यावर लावला तरी शरीर तो लवकर झिडकारत नव्हते. २०१५ मध्ये चित्त्याचा पहिला पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तो नामिबियातल्या च्युबाका नावाच्या पाळीव चित्त्याचा. नमुना चित्ता संवर्धन निधीकडचा. वाचन आणि विश्लेषणात चिनी, रशियन आणि अमेरिकी शास्त्रज्ञ. इथे लक्षात घेण्यासारखे हे की यातल्या एकाही संस्थेला हे काम एकटीने करता आले नसते. यंत्र होते त्यांच्याकडे जनावर नव्हते, आणि ज्यांनी जनावर सांभाळले, त्याची जन्मापासूनची माहिती ठेवली, त्यांच्याकडे यंत्र नव्हते.

भारतात असेच एक जुळवलेले घर हैदराबादला उभे राहिले. पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजे सीसीएमबी, १९७७ पासूनचे. तिथले लालजी सिंह यांच्या पुढाकाराने संकटग्रस्त प्राण्यांसाठीची ‘लॅकोन्स’ ही वेगळी प्रयोगशाळा निघाली, २००७ मध्ये तिचे उद्घाटन झाले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर आणि तेव्हाचे आंध्र प्रदेश सरकार हे तिचे भागीदार. लालजी सिंहांना चित्ता परत आणायचा होता, तोही आशियाई वंशाचा, जो आता फक्त इराणात मूठभर उरला आहे. इराणने जिवंत जनावर किंवा पेशी देण्यास नकार दिला आणि ते स्वप्न तिथेच राहिले. पण वंशाचा प्रश्न तिथे थांबला नाही. २०२० मध्ये सीसीएमबी, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी तीन चित्त्यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या वारशाचा, अभ्यास प्रसिद्ध केला. एक नमुना संग्रहालयातल्या भारतीय चित्त्याचा होता. उरलेले दोन आफ्रिकी चित्ते वेगवेगळ्या काळात भारतात आणलेले, एक अलीकडचा आणि एक जुना. भारतीय आणि आग्नेय आफ्रिकेतल्या चित्त्यांच्या वाटा सुमारे ७२ हजार वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तर आफ्रिकेतल्याच आग्नेय आणि ईशान्य शाखा त्याहून जुन्या, सुमारे १ लाख ३९ हजार वर्षांपूर्वीच्या, असे त्यातून निघाले.

त्या जुन्या आफ्रिकी नमुन्यापाशी जरा थांबले पाहिजे. भारतातल्या एखाद्या संग्रहात चित्त्याचे कातडे वा हाड आहे म्हणजे तो भारतीय चित्ता, असे म्हणता येत नाही. कोल्हापूर-भावनगरच्या पद्धतीने आलेले पाहुणे त्यात मिसळलेले आहेत. बाहेरून तपासून ते वेगळे काढता येत नाहीत. रोमिला थापर, वाल्मीक थापर आणि युसूफ अन्सारी यांनी २०१३ मध्ये एका पुस्तकात तर असे मांडले की चित्ता मुळात भारताचा नव्हेच, तो राजेरजवाड्यांनी बाहेरून आणला. हे मत बहुतेक प्राणिशास्त्रज्ञांना पटले नाही, आणि २०२० च्या अभ्यासातला आशियाई वंशाचा नमुना त्याच्या विरोधात जातो. तरी हा वाद उभा राहू शकला याचे एक कारण आपल्या संस्थानी दप्तरांतच आहे. आणलेला प्रत्येक चित्ता कुठल्या बंदरातून आला, कुठे मेला, त्याचे कातडे कोणाला दिले, हे जनावरानिशी लिहिलेले असते तर हाडाला भोक पाडून जे शोधावे लागले त्यातले बरेचसे नुसते वाचता आले असते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे ८ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेचे १२ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले. या वेळी त्यांची कुंडली मांडलेली होती, गळ्यात पट्टे होते. ते योग्य की अयोग्य यावर भांडता येते. कोल्हापूरच्या चित्त्यांवर भांडायलाही काही हाती नाही.

चित्त्याची गोष्ट संपलेली म्हणून सोडून देता येईल. वाघाची नाही. बिद्रीहून गारगोटीच्या रस्त्याने निघाले की मुदाळ तिट्टा लागतो. तिथून पश्चिमेला वळले की राधानगरी आणि पुढे दाजीपूरचे जंगल. हे संस्थानचे राखीव शिकारीचे रान होते, म्हणून ते वाचले, ही गोष्ट आजच्या निसर्गप्रेमींना फारशी आवडत नाही पण खरी आहे. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले, महाराष्ट्रातले सर्वांत जुने. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे झाले. उत्तरेला चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, दक्षिणेला गोवा आणि कर्नाटकातल्या काळी प्रकल्पाची जंगले. राधानगरी ही या दोहोंमधली वाट. व्याघ्र प्रकल्पात वाघ मात्र वर्षानुवर्षे जेमतेम. म्हणून केंद्राच्या परवानगीने ८ वाघ आणण्याचे ठरले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली पहिली वाघीण चांदोलीत पोचली. ताडोबात वाघ दाटले आहेत, दोन्ही जंगले एकाच राज्यात आहेत, म्हणजे परवानग्यांची कटकट कमी. प्रशासनाच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे. पण आजच्या वाघांचा डीएनए मध्य भारतातले आणि दक्षिणेकडचे, म्हणजे पश्चिम घाटातले, असे वेगवेगळे गट दाखवतो. हा भेद हजारो वर्षांचा जुना आहे, की मधला दख्खन गेल्या दीडशे वर्षांत वाघांवाचून रिकामा झाल्यामुळे पडलेला आहे? पहिले खरे असेल तर ताडोबाचा वाघ सह्याद्रीत आणण्याआधी दहादा विचार करावा लागेल. दुसरे खरे असेल तर तो आणणे म्हणजे तुटलेला धागा पुन्हा जोडणे. आजचे कितीही वाघ तपासले तरी याचे उत्तर त्यांत मिळणार नाही, कारण मधले वाघ मेलेले आहेत.

ते कातड्यांत मात्र आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि सम्राट मंडल यांनी कार्डिफ विद्यापीठाच्या मायकेल ब्रूफर्ड यांच्यासोबत हेच केले. इंग्रजी अमलात मारलेल्या आणि ब्रिटनमधल्या संग्रहालयांत पडलेल्या भारतीय वाघांचे नमुने घेऊन त्यांनी आजच्या वाघांशी तुलना केली. २०१३ मध्ये आलेला निष्कर्ष असा: जुन्या वाघांत आढळलेले मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे ९३ टक्के प्रकार आजच्या वाघांत नाहीत. शिकारीने आणि जंगलतोडीने किती वाघ गेले हे आपल्याला आकड्यांत ठाऊक होते. त्यांच्याबरोबर वंशाचे किती प्रकार गेले हे या कातड्यांनी सांगितले. त्यातही उपयोगी पडले ते नमुने ज्यांच्यावर मारल्याचे ठिकाण लिहिलेले होते. नुसते ‘इंडिया’ लिहिलेल्या कातड्याने फारसे काही साधत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. वाघ, गवा, माळढोक हे जीनोम न वाचल्यामुळे मरत नाहीत. ते रस्त्यावर, विजेच्या तारेवर, विषाने, फासात मरतात. पायऱ्या चुकवून वरच्या मजल्यावर उडी मारण्याचा हा प्रकार नाही का? माझे उत्तर असे की जनावर जिथे आहे तिथेच राखायचे असेल तर जीनोमशिवायही बरेच भागते. पण आता आपण जनावरे उचलून हलवू लागलो आहोत, आणि हलवणे हा परत न फिरवता येणारा निर्णय असतो. सिमलिपालच्या काळ्या वाघांचे उदाहरण घ्या. ओडिशातल्या त्या एका जंगलात काळ्या पट्ट्यांनी भरलेले वाघ वारंवार दिसतात. २०२१ मध्ये रामकृष्णन आणि विनय सागर यांच्या गटाने दाखवले की हे एकाच जनुकातल्या बदलामुळे होते आणि थोड्या, इतरांपासून तुटलेल्या वाघांच्या आपसातल्या पैदाशीमुळे तो बदल तिथे इतका वाढला. पर्यटकांना ते आकर्षण वाटते; जीनोम वाचणाऱ्याला ती धोक्याची खूण आहे. कुंपणे, पहारे, गवत यांचा पैसा जीनोमकडे वळवू नये हे मान्य. पण ८ वाघ पकडणे, बेशुद्ध करणे, शेकडो किलोमीटर नेणे, पट्टे लावून त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवणे यावर जो खर्च होतो, त्याच्या शेजारी चार जुन्या कातड्यांची तपासणी ही डोळ्यांत भरण्याजोगी रक्कम नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. भुसा भरलेली जनावरे हा सरंजामी क्रौर्याचा वारसा. त्याला विज्ञानाची झालर लावून पुन्हा प्रतिष्ठा का द्यायची? प्रतिष्ठा द्यायचे कारण नाही. पण ज्या वाघाला शिकाऱ्याने नुसते नाव कमावण्यासाठी मारले, त्याच्याकडून निदान त्याच्या कुळाची साक्ष तरी काढता येते, आणि त्यासाठी त्याचे मोठे नुकसान करावे लागत नाही. पंजाच्या गादीखालचा तांदळाएवढा कातडीचा तुकडा, किंवा कवटी शिल्लक असेल तर दातामुळाजवळच्या हाडाची चिमूटभर भुकटी, एवढ्याने भागते. काम बंद खोलीत चालते, जिथे आजच्या वाघाचा नमुना कधी नेलेला नसतो. माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, कारण त्यांच्या श्वासातला डीएनए त्या जुन्या तुकड्यातल्या डीएनएपेक्षा अधिक ताजा आणि अधिक मुबलक असतो. कातडे कमावताना लावलेली रसायने अडथळा आणतात आणि उरलेला डीएनए बारीक तुकड्यांत मोडलेला असतो. शंभर वर्षे तो कोणत्या हवेत राहिला यावर पुष्कळ अवलंबून आहे. कोल्हापूरचा दमट पावसाळा या कामाला अनुकूल नाही, म्हणजे थांबत बसण्यात शहाणपण नाही. संस्थानिकांची जनावरे भरून देणारी म्हैसूरची व्हॅन इंगेन ही प्रसिद्ध पेढी आपल्या कामांची नोंद ठेवत असे. खासगी धंद्यातल्या लोकांनी गिऱ्हाइकाच्या हिशेबासाठी ठेवलेली ती वही आज शास्त्राच्या कामाची ठरते, हे जरा मजेदारच आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: नमुना आपला, नाव आणि माहिती दुसऱ्याची. भारतीय वाघांच्या जुन्या वंशाची माहिती ब्रिटनमधल्या कपाटांतून काढावी लागली हेच पुरेसे बोलके आहे. यावर उपाय म्हणून २००२ चा जैवविविधता कायदा आला, २०१० चा नागोया करार आला. परदेशात नमुना पाठवायला परवानगी लागते, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकांनी तयार केलेली जैवविविधता नोंदवही हवी. बिद्रीलाही ते लागू आहे. महाराष्ट्राने तर २०२२ मध्ये १७२ कोटींचा ‘महाराष्ट्र जनुक कोश’ मंजूर केला. पिकांचे देशी वाण, गुरे, गोड्या पाण्यातले जीव, गवताळ माळ हे त्याचे विषय. कागदावर भागीदारी गावापर्यंत पोचली आहे. प्रत्यक्षात अशा नोंदवह्या पुष्कळ ठिकाणी मुदत गाठण्यासाठी घाईने भरल्या गेल्या, आणि एका गावची वही दुसऱ्या गावची नक्कल वाटावी अशी परिस्थिती आहे. गवे उसात उतरले की नुकसानीचा पंचनामा होतो. फडात पडलेल्या त्यांच्या शेणात त्याच कळपाचा डीएनए असतो, पण पंचनाम्यात त्याला रकाना नाही. चित्तेपारध्यांचे ज्ञान असेच रकान्याबाहेर राहिले आणि गेले. गुन्हेगार ठरवलेल्या फासेपारध्यांना शाहू महाराजांनी सोनतळीला वसवून पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या, इतपत त्यांची माणूस म्हणून दखल घेतली गेली. जनावर जाणणारा म्हणून त्यांचा शब्द मात्र कुणी टिपून ठेवला नाही.

राजवाड्यांतल्या आणि जुन्या वाड्यांतल्या वस्तूंचा शोध शून्यापासून घ्यावा लागेल असेही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याखाली २००३ मध्ये नियम निघाले आणि ज्यांच्याकडे वाघ-बिबट्यांची कातडी, शिंगे, भरलेली जनावरे होती पण मालकीचा दाखला नव्हता, त्यांना १८० दिवसांत ती वनखात्याकडे जाहीर करायची मुभा मिळाली. पुष्कळांनी ती केली. म्हणजे वस्तू काय, कोणाकडे, वारसाने आली की कशी, याची यादी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात आधीच पडून आहे. ती जप्तीच्या भीतीपोटी भरली गेली, म्हणून जनावर कुठल्या रानात पडले हा प्रश्न तिच्यात बहुधा विचारलेलाच नाही. तो विचारायला वनखात्याचा एक माणूस, अर्ज केलेल्या घराण्यातले एखादे ऐंशीच्या घरातले माणूस आणि हैदराबाद किंवा बंगळूरचा एक संशोधक, एवढी तीन माणसे एका दिवाणखान्यात बसली तरी सुरुवात होते. अनुसूचीतल्या प्राण्याच्या वस्तूतून तांदळाएवढा तुकडा कापायलाही परवानगी लागते, आणि ती देणारे कार्यालय तेच आहे जिथे ही यादी आहे.